एकही सुटला नाही

आपल्याकडे सरळ कौतुक करणं म्हणजे दृष्टीला आमंत्रण. म्हणून आमटी फक्कड झाली असेल तर 'वाईट नाही झाली' म्हणायचं, सून गुणाची निघाली तर 'नाव ठेवायला जागा नाही' म्हणायचं आणि पोरगं हुशार असलं तर 'काही कमी नाही त्याच्यात' म्हणून विषय संपवायचा. नकाराच्या पोटात होकार ठेवून बोलायची ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे, की तिच्यात काही धोका असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. मलाही आली नव्हती. मग एके दिवशी ही सवय माझ्या नणंदेच्या जिवावर बेतली. तेव्हापासून कुणी 'वाईट नाही' म्हणालं की मी लगेच विचारते, 'म्हणजे चांगलं आहे, की बघितलंच नाही?' लोकांना हे आवडत नाही.

मी पद्मजा चौगुले. मिरजेच्या फेज संग्रहात प्रश्न तपासते. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी शाळेचे पेपर तपासते, म्हणून जरा फोड करून सांगते.

अँटिबायोटिकं एकामागून एक निकामी होत गेली आणि साध्या जखमेनेही माणसं दगावू लागली, तेव्हा डॉक्टर मंडळी जुन्याच एका उपायाकडे वळली. हा उपाय म्हणजे फेज. फेज हा जंतूंना खाणारा विषाणू. माणसाच्या पेशीशी त्याला काही देणंघेणं नसतं. तो जंतूत शिरतो, आत स्वतःच्या ढीगभर प्रती काढतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो. जिथे जंतू तिथे फेज, त्यामुळे सगळ्यात उत्तम फेज सापडतात ते नाल्यांत, गटारांत आणि नदीच्या गढूळ पाण्यात. ज्या गावच्या पाण्यात फेज सापडला त्या गावाचं नाव त्याला द्यायचं, अशी आमची पद्धत. म्हणून आमच्या शीतपेट्यांत अंकली आहे, म्हैसाळ आहे, हरिपूर आहे. मिरजेतल्या दवाखान्यात माणसं 'अंकली घेतल्यावर बरं वाटलं' असं म्हणतात तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना ते तीर्थक्षेत्र वाटतं.

फेजची खोड एकच. तो भलता चोखंदळ असतो. एकाच जातीच्या जंतूचे दहा वाण असले तर त्यातले दोन खाईल आणि आठांकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून रुग्णाच्या अंगातला जंतू काचेच्या बशीत वाढवायचा, त्याच्या थरावर फेजचा थेंब सोडायचा आणि वाट बघायची. काही तासांत थेंबाच्या जागी आरपार दिसणारा स्वच्छ ठिपका पडला, तर फेज जिंकला. थर तसाच राहिला, तर हरला. प्रत्येक निकाल डेटाबेसमध्ये जातो: अमुक फेज, अमुक वाण, जिंकला की हरला.

डेटाबेसला प्रश्न विचारायला पूर्वी माणूस लागायचा. आता डॉक्टर मराठीत बोलतात आणि यंत्र त्या वाक्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न, बनवून उत्तर शोधतं. या यंत्राला आम्ही 'भाऊसाहेब' म्हणतो, कारण तलाठ्यासारखंच ते जेवढं विचाराल तेवढंच सांगतं. डॉक्टरांच्या कुठल्याशा समितीने त्याच्यासाठी एक नमुना वाक्य ठरवून दिलं होतं: 'रुग्णाच्या जंतूंपैकी एकही ज्याच्या हातून सुटला नाही, असा फेज द्या.' वाक्य सगळ्यांना पसंत पडलं. ऐकताना जोरकस वाटतं, एखाद्या निधड्या फौजदाराचं वर्णन केल्यासारखं. भाऊसाहेबांनी वाक्याचा अर्थ काय लावला हे बघायला एक माणूस असावा म्हणून मला ठेवलेलं. बहुतेकांच्या मते ही जागा पुढच्या वर्षी रद्द होणार होती.

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण राजमती. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिने लग्न केलं नाही, पण आमच्या समाजाचं वधूवर केंद्र चालवून अर्ध्या जिल्ह्याची लग्नं लावली. आईवडील लवकर गेल्यावर अभिनंदनला तिनेच वाढवलं. आमचं जमलं तेव्हा तिने मला नापसंत केलं होतं. रंग, शिक्षण, घराणं, सगळ्या अटींत मी बसत होते. 'पण उलटं बोलते,' असं म्हणाली. ते खरं होतं. वीस वर्षं आम्ही दोघी एकाच घरात राहिलो आणि ज्या दिवशी भांडलो नाही त्या दिवशी शेजारी विचारायला यायचे, कुणी आजारी आहे का.

या खेपेला ती खरंच आजारी होती. बसवलेला गुडघा नासला, जंतू रक्तात उतरले. जुन्या दुखण्यात एकाच जंतूचे अंगातल्या अंगात निरनिराळे वाण तयार होतात, तसे तिच्या अंगात तीन झाले होते. संग्रहातले सगळे फेज तिच्या तिन्ही वाणांवर टाकून झाले होते. निकाल भरले गेले आणि सकाळी कामावर आल्याआल्या मी भाऊसाहेबांचं उत्तर बघितलं.

'कुपवाड-नऊ. तिन्ही वाण. एकही सुटला नाही. तात्काळ द्यावा.'

मला हायसं वाटलं. हात जोडले की काय ते आता आठवत नाही, बहुधा जोडले असतील. मग सवयीने मी कुपवाड-नऊची नोंद उघडली. चाचण्यांचा रकाना रिकामा होता. पान नीट उघडलं नसेल म्हणून मी पुन्हा उघडलं. रिकामाच.

नोंदीवर तारीख आदल्या दिवशीची होती, म्हणजे आक्काच्या चाचण्या संपल्यानंतरची. महिन्याभरापासून नाल्यांतून पाणी गोळा करायला आपोआप चालणाऱ्या होड्या आल्या होत्या, आणि संग्रहाचा आकडा भरघोस दिसावा म्हणून नवे फेज शुद्ध करून बाटलीत भरले की चाचणीआधीच दाखल करायचा हुकूम वरून आला होता. या हुकमानंतरच्या पहिल्याच खेपेत एकटा कुपवाड-नऊ दाखल झाला होता.

मी भाऊसाहेबांची क्वेरी वाचली. तिचा अर्थ असा होता: असा फेज शोध, ज्याच्या नावावर या तिघांपैकी एकाही वाणाकडून हरल्याची नोंद नाही. कुपवाड-नऊच्या नावावर हरल्याची नोंद नव्हतीच. जिंकल्याचीही नव्हती. जो परीक्षेला बसलाच नाही तो नापास कसा होणार? यंत्राचं काही चुकलं नव्हतं. 'एकही सुटला नाही' याचा शब्दशः अर्थ तोच होतो. ज्याच्या हाती कधी कुणी लागलंच नाही, त्याच्या हातून सुटणार तरी कोण? आपण मराठी माणसं हे वाक्य ऐकताना मनातल्या मनात 'सगळ्यांना पकडलं' असं भरून घेतो. यंत्राला ते भरून घेता येत नाही. आणि जोवर फक्त तपासलेलेच फेज दाखल होत होते, तोवर दोन्ही अर्थांचं उत्तर एकच यायचं, म्हणून कुणाला फरक कळला नाही.

मी सरळ क्वेरी लिहिली. ज्याच्या नावावर पहिल्या वाणावर जिंकल्याची नोंद आहे, आणि दुसऱ्यावर आहे, आणि तिसऱ्यावरही आहे, असा फेज. तिन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. दोन जमल्या आणि एक राहिली, तरी नोंद बाद.

उत्तर आलं: शून्य नोंदी.

मी डॉ. रेहाना शिकलगारांकडे गेले. संग्रहाचं वैद्यकीय काम त्या बघतात आणि आक्का त्यांचीच रुग्ण होती. त्यांनी रिकामा रकाना पाहिला, चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मी हा आज दुपारी देणार होते," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर आले."

"दुसरं वाक्य लिहून बघितलंस?"

"शून्य."

रेहानाताईंना जास्त सांगावं लागलं नाही. "कुपवाड-नऊला बशीत घालू," त्या म्हणाल्या. "आत्ता लावला तर दिवेलागणीपर्यंत निकाल. जनुकं वाचणारं यंत्रही तोवर त्याचं पोट तपासून देईल. तेवढं थांबायचं म्हणजे जोखीम आहे, पद्मजा. रक्तदाब घसरतोय. पण मी हे न तपासता देणार नाही. पेशंटला आणि घरच्यांना सांगावं लागेल."

"मी सांगते," मी म्हणाले. मला वाटलं हे सोपं काम आहे.

दवाखाना आमच्या इमारतीला लागूनच. अभिनंदन वॉर्डाबाहेरच्या बाकावर फोन हातात धरून बसला होता. शिफारस आली की घरच्यांच्या फोनवरही जाते. मला बघून तो उभा राहिला. दोन रात्री न झोपलेल्या त्याच्या तोंडावर हसू होतं.

"मिळालं न्हवं औषध?" तो म्हणाला. "कधी देणार?"

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं.

"म्हणजे तो वाईट हाय असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. चांगला आहे असंही नाही."

"मग देऊन तर बघा की. फेज माणसाला काय करत न्हाई, हे तूच सांगतीस सगळ्यांना. चालला तर चालला, न्हाई तर न्हाई."

"तसं नसतं, अभि. काही फेज जंतूला मारतच नाहीत. घरजावई होऊन आत राहतात आणि वर त्याला विष करायला शिकवतात. हा तसला असला तर? किंवा तिघांतल्या दोघांना मारलं आणि तिसऱ्याला सगळं रान मोकळं मिळालं तर? आधी बशीत बघू. संध्याकाळपर्यंत..."

"संध्याकाळपर्यंत तिचं काय होईल?"

मी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"तुझ्या क्वेरीचं उत्तर शून्य," तो म्हणाला. "त्या यंत्राचं उत्तर एक. आणि तू आम्हाला शून्य घ्या म्हणालीस." मग आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं माणूस असतं तर थांबवलं असतंस का?"

वीस वर्षांत तो मला पुष्कळ काही बोलला होता आणि मीही बाकी ठेवली नव्हती. पण हे लागलं. इतकं लागलं की क्षणभर वाटलं, द्यावा तो फेज, होऊ दे काय व्हायचं ते, निदान हा डाग तरी माझ्यावर राहायचा नाही. आणि त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. आक्काच्या जिवापेक्षा मला माझं नाव सांभाळायचं होतं.

"थांबवलं असतं," मी म्हणाले आणि आत गेले.

आक्का शुद्धीवर होती. ओठ सुकले होते, पण डोळ्यांत धार तशीच.

"ये," ती म्हणाली. "तोंड का एवढंसं झालंय? मी जायच्या आधीच रडून घेतलंस काय?"

"रडले नाही. भांडून आले."

"कुणाशी, अभ्याशी? बरं केलंस."

मी तिला सगळं सांगितलं. आजारी माणसाला असलं सांगू नये म्हणतात. पण शीर तिची होती.

"म्हणजे त्याच्या नावावर वाईट काय न्हाई, म्हणून तो चांगला," ती म्हणाली.

"हो."

"आणि चांगलं काय?"

"तेही नाही."

तिने उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"माझ्याकडं यायची की असली स्थळं," ती म्हणाली. "मुलगा कसा हाय म्हणून गावात विचारलं की सगळे सांगायचे, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. मागनं कळायचं, पोरगं धा वर्षं दुबईत हाय. गावातल्या कुणी त्याला बघितल्यालाच न्हाई."

मला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. तिने ते बघितलं आणि नेहमीप्रमाणे न बघितल्यासारखं केलं.

"संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल, आक्का."

"मी टिकीन का तवर?"

"डॉक्टर म्हणतात, जोखीम आहे."

"तू काय म्हणतीस?"

"मला माहीत नाही."

तिने मान हलवली. "अभ्या सकाळपास्नं म्हणालाय, आक्का तुला काय होत न्हाई, काय होत न्हाई. ते ऐकून मला एवढी भीती वाटालीय म्हणून सांगू." तिने माझ्या हातावर हात ठेवला. तापाने तो भाजत होता. "थांबते मी. पण एक सांग. ते जंतू मारायचं पाप कुणाला? त्या फेजला का तुला?"

"क्वेरी मी लिहिली, म्हणजे मलाच."

"लागू दे. तुझ्या नावावर आधीचंच बरंच हाय, त्यात खपून जाईल. जा आता कामाला. इथं बसून काय माझा ताप मोजालीस?"

मी गेले.

रेहानाताईंनी बशा मांडल्या होत्या. कुपवाड-नऊ तिन्ही वाणांवर पडला होता. मी शून्य नोंदींसमोर बसून राहिले आणि अटी एकेक करून सोडवून पाहिल्या. पहिल्या वाणावर जिंकलेला म्हैसाळ होता. तिसऱ्यावर अंकली आणि हरिपूर. दुसऱ्यावर कोणीच नाही. या दुसऱ्या वाणाने अंगावर जाड कवच चढवलं होतं आणि आमचे झाडून सगळे जुने फेज त्याच्यापुढे हात टेकून बसले होते.

"आपण एकच का शोधतोय?" मी विचारलं.

"कारण मिश्रणाला नियम कडक आहेत," रेहानाताई म्हणाल्या. "दोन फेज एकत्र घातले की कधी कधी एकमेकांनाच आडवे येतात. जोडी एकत्र तपासलेली असावी लागते, आणि ती त्याच रुग्णाच्या जंतूंवर."

"मग प्रश्नच बदलू. तिघांना पुरून उरणारा एक कोण, असं नको विचारायला. तिघांपैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी आहे का, असं विचारू."

ऐकायला दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण त्यांच्यात फार फरक आहे. पहिल्या प्रश्नात एक शूरवीर शोधायचा असतो. दुसऱ्यात पंगत वाढायची असते. भात कुणी वाढला आणि आमटी कुणी, याला महत्त्व नाही. कुठलंही पान रिकामं राहता कामा नये, एवढीच अट. मी क्वेरी नव्याने लिहिली: अशा जोड्या दे, की प्रत्येक वाणासाठी जोडीतल्या निदान एकाच्या नावावर जिंकल्याची नोंद आहे, आणि दोघांपैकी कोणीही घरजावई नाही हे तपासलेलं आहे, आणि जोडी एकत्र तपासलेली आहे.

पुन्हा शून्य. दुसऱ्या वाणापाशी सगळं अडत होतं.

"याचा अर्थ, या नव्याने दुसऱ्या वाणावर ठिपका पाडला तरच जोडी जमते," मी म्हणाले.

"मग जोड्या आत्ताच लावू," रेहानाताई म्हणाल्या. "त्याचा निकाल लागेपर्यंत थांबलो तर जोडीसाठी पुन्हा तेवढाच वेळ जाईल, आणि तेवढा वेळ तुझ्या नणंदेकडे नाही."

आम्ही दोघींनी हाताने बशा लावल्या. कुपवाड-नऊबरोबर म्हैसाळ, कुपवाड-नऊबरोबर अंकली, कुपवाड-नऊबरोबर हरिपूर. मधे दोनदा वॉर्डातून निरोप आला. दुसऱ्या निरोपानंतर रेहानाताई पळतच गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. आल्याआल्या त्यांनी पुढची बशी ओढून घेतली. त्या वेळात संचालकांचाही फोन येऊन गेला. नमुना वाक्यात दोष आहे हे मी सकाळीच वर कळवलं होतं. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तिच्यापुढे विषय ठेवू, असं ते म्हणाले. तोवर वाक्य चालू ठेवा, नाहीतर 'औषध मिळालं' ची टक्केवारी एकदम खाली येईल. मी म्हटलं, टक्केवारी खाली येईल कारण ती खोटी आहे. उलटं बोलण्याची सवय कधी तरी उपयोगी पडते. रेहानाताईंच्या सहीने मी ते वाक्य सगळ्या रुग्णांसाठी बंद केलं आणि त्या जागी नवं घातलं: 'रुग्णाच्या प्रत्येक जंतूला ज्याने मारल्याचं तपासून पाहिलं आहे, असा फेज किंवा अशी जोडी द्या.' वाक्य बोजड आहे, मला कबूल आहे.

दिवे लागले तेव्हा बशा बाहेर काढल्या.

कुपवाड-नऊ, पहिला वाण: स्वच्छ ठिपका. दुसरा वाण: स्वच्छ ठिपका. मी रेहानाताईंचा दंड धरला. तिसरा वाण: काही नाही. जंतूंचा थर जसाच्या तसा, थेंब पडल्याची खूणसुद्धा नाही. हा फेज दुपारी एकटा टोचला असता तर पहिले दोन वाण मेले असते आणि मोकळ्या झालेल्या रक्तात तिसरा माजला असता.

जनुकांचा अहवाल आला होता. घरजावई नव्हता. मग जोड्या. म्हैसाळची जोडी तिसऱ्या वाणावर हरली, ती हरणारच होती. हरिपूर आणि कुपवाड-नऊ एकमेकांना आडवे गेले होते, ठिपके धुरकट. अंकली आणि कुपवाड-नऊ: पहिला स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसरा स्वच्छ. बशीखालचं टेबल आरपार दिसत होतं.

मी निकाल भरले. कुपवाड-नऊच्या नावावर आता एक हार लागली होती आणि सकाळपासून पहिल्यांदा मला त्याचा भरवसा वाटला. तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे आता माहीत होतं. मी क्वेरी पुन्हा चालवली. प्रत्येक वाण, आणि घरजावई नाही, आणि जोडी तपासलेली. उत्तर आलं: एक नोंद.

आक्काला आता नीट बोलता येत नव्हतं. रेहानाताईंनी तिला काय देतोय, काय माहीत आहे आणि काय नाही, ते सांगितलं. तिने ऐकलं आणि खिडकीकडे बोट केलं.

"सूर्य मावळला की," ती पुटपुटली. धर्माचा नेम म्हणून जन्मभर तिने सूर्यास्तानंतर तोंडात काही घातलं नव्हतं.

"शिरेतून आहे, आक्का," मी म्हणाले. "जेवण नव्हे."

तिने थोडा विचार केला आणि हात पुढे केला.

मी बाहेर येऊन अभिनंदनला तिसऱ्या वाणाचं सांगितलं. तो बाकावर बसून होता. त्याने ऐकलं आणि मान खाली घातली. मी परत आत गेले. माझा राग गेला नव्हता आणि गेल्याचं सोंग मला करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप उलट चढला. जंतू फुटतात तेव्हा असं होतं, हे मला पाठ होतं. तरीही दिवसभर मी तासातासाला जाऊन तिचा तक्ता बघत होते. त्याच्या पुढच्या दिवशी रक्तदाब सावरला, लघवी सुरू झाली, आणि संध्याकाळी रक्ताच्या बशीत जंतू उगवला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. तिन्ही बशा लावल्या होत्या आणि तिन्ही मी स्वतः बघितल्या होत्या. आक्का वाचली. मी संग्रहाच्या जिन्यात बसून रडले, अगदी मोकळ्या मनाने.

अभिनंदनने माफी मागितली नाही. त्यांच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही, न सांगता चहा करून आणून देतात. त्या दोन दिवसांत मी पुष्कळ चहा प्याले.

वाक्य बदलल्याचे परिणाम आता बाहेर दिसू लागले होते. आदल्या दिवशी 'औषध मिळालं' असा निरोप गेलेल्या काही घरांना दुसऱ्या दिवशी 'शून्य नोंदी' असा निरोप गेला. फोनवर लोक मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी आक्काच्या वॉर्डाबाहेर उभी होते, तेव्हा कवठेमहांकाळकडचा एक माणूस माझा गळ्यातला पास बघून समोर आला. बायको आत होती, फुफ्फुसात जंतू. माणूस चांगला धिप्पाड, पण आवाज कापत होता.

"तेरवा औषध हाय म्हणाला," तो म्हणाला. "आता न्हाई म्हणताय. थांबवलं कुणी?"

"मी."

"का?"

"ते औषध कुणी तपासलेलंच नव्हतं. आज तपासायला घेतो. तुमच्या मंडळींच्या जंतूंवर..."

"तपासा तपासा," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय? तुमचं माणूस असतं तर थांबवलं असतं का?"

वॉर्डाबाहेरची माणसं बघायला लागली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी बाकावरून अभिनंदन उठला. हातात आक्काचा डबा होता.

"थांबवलंय हिनं," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचं."

तो माणूस त्याच्याकडे बघू लागला.

"मी पण हेच विचारलं हिला. अगदी हेच. हितंच उभं राहून." अभिनंदनने डबा दुसऱ्या हातात घेतला. "तवा दिलं असतं तर ती गेली असती. आता आत बसून भात कच्चा हाय म्हणून नर्सशी भांडालीय. ऐका जरा, आवाज येतोय."

आवाज खरंच येत होता.

अभिनंदनने बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि जागा केली. "बसा," तो म्हणाला. "ही आता जाऊन बशा लावील. संध्याकाळपर्यंत वेळ जाता जात न्हाई, मला म्हाईत हाय. मी बसतो तुमच्याबरोबर."

तो माणूस बसला. मी बशा लावायला गेले.